हरळीची जातकुळी

गणेशचतुर्थीस दूर्वांची जुडी भक्तिभावाने वाहणारा शेतकरी तीच वनस्पती शेतात दिसताच हरळी म्हणून कुदळीने खणून काढतो, यात आम्हांस विसंगती वाटत नाही. नाव बहुधा वस्तूच्या स्वभावावरून पडत नाही. आपल्या गरजेवरून पडते. शास्त्रज्ञांचेही एकमत लवकर झाले नाही. लिनियसने १७५३ साली हिला वरईच्या वंशात बसविले. पर्सूनने १८०५ साली तेथून उठवून 'सायनोडॉन', म्हणजे श्वानदंत, या वंशात नेले.

परंतु कुळाची खरी ओळख संकटात पटते. शिरूरच्या कोरड्या माळावर ही कुसळीच्या सोबतीने कशीबशी दिवस काढते. दौंडकडे मुठेच्या कालव्याचे पाणी आले, त्यामागून ऊस आला. जेथे निचरा नाही, तेथे जमिनीतले पाणी वर चढून आटते आणि क्षार मागे ठेवून जाते. अशा पांढुरक्या जमिनीत ऊस पिवळा पडतो. हरळी मात्र हिरवी राहते. तिच्या पानांवर क्षार बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी आहेत. अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीत माजणाऱ्या स्पार्टिना गवतासही त्या आहेत, कारण दोन्ही गवते एकाच उपकुळातली.

समुद्रापासून इतक्या दूर, गोड्या पाण्याच्या शेतात हे दर्याकाठचे गुण उपयोगी पडावेत, ही गोष्ट गवतास भूषणावह खरी, शेतकऱ्यास नव्हे. म्हणून उसात एकटी हरळीच टवटवीत दिसू लागली, तर कुदळ उचलण्यापूर्वी माती तपासावी आणि साचल्या पाण्यास वाट करून द्यावी.