पेटी सुरू, वाट बंद

लांज्याच्या आमच्या घरात माडीवर दोन हार्डडिस्कची एक छोटी पेटी आहे. बाजारात तिला नॅस म्हणतात. आजोबांच्या वेळचे मोडी दस्त, सामायिक सातबारा, फेरफार आणि घरातले जुने फोटो स्कॅन करून आम्ही तिच्यात ठेवले आहेत. जमीन एक, हिस्सेदार अनेक आणि त्यातले बरेचसे मुंबईला, अशी स्थिती कोकणात घरोघरी असते. त्यामुळे डोंबिवलीत बसून लांज्यातला कागद उघडता येणं ही आमची रोजची गरज आहे.

ऐन पावसाळ्यात ती पेटी बाहेरून उघडेनाशी झाली. त्या आठवड्यात लांज्यात वीज सारखी जात होती, फायबरही तुटून पुन्हा जोडली गेली होती. डिस्क जळली असेल, असं एका भावाला वाटलं. दुसरा म्हणाला, सरळ रिसेट करा. मी दोघांनाही थांबवलं. काही उपकरणांत पूर्ण रिसेट केल्यावर आतला मजकूरही पुसला जातो. बिघाड पेटीत आहे की वाटेत, हे आधी ठरवायला हवं होतं.

मी लांज्याच्या घरी असलेल्या काकांना फोन लावला. "काका, पेटीचे दिवे कसे दिसतायत?" "हिरवे आहेत रे, सगळे." मग त्यांना घरच्या वायफायवरून, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पेटीचा १९२.१६८ ने सुरू होणारा घरचा पत्ता टाकायला सांगितला. पेटी उघडली. आजोबांचे कागद जागेवर होते. माझा जीव भांड्यात पडला.

म्हणजे अडचण घराबाहेर होती. काकांनी राऊटरच्या पानावरचा इंटरनेटचा पत्ता वाचून दाखवला. तो १००.७२ ने सुरू होत होता. त्याच वायफायवर 'माझा आयपी काय' असं शोधल्यावर मात्र भलताच आकडा आला. तिथे उलगडा झाला. जोडणी पूर्ववत करताना सेवा देणाऱ्याने आमचा सार्वजनिक पत्ता काढून आम्हाला अनेक घरांत मिळून एकच पत्ता वापरणाऱ्या व्यवस्थेत टाकलं होतं. तिला सीजीनॅट म्हणतात.

यामागे जगभरची टंचाई आहे. आयपीव्ही४ या पत्तापद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा अशा सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. आपल्या राऊटरवर यातला आकडा दिसला, तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरची हाक राऊटरने पेटीकडे वळवण्याची सोय, कितीही नीट केलं तरी उपयोग नसतो. बाहेरून आलेली हाक सेवा देणाऱ्याच्या यंत्रापर्यंत येते. ती कोणत्या घराकडे पाठवायची हे त्या यंत्राला माहीत नसतं.

उपाय तीन होते: जादा पैसे भरून स्थिर आयपी घेणं, आयपीव्ही६ सुरू करून घेणं, किंवा पेटीनेच आतून बाहेर संपर्क साधणारं व्हीपीएन. आम्ही टेलस्केल हे व्हीपीएन निवडलं. त्यात राऊटरचं एकही पोर्ट उघडं ठेवावं लागत नाही. हे मला जास्त मोलाचं वाटतं, कारण जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप या कंपनीच्या पेट्यांमधल्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. तेव्हा कंपनीनेच ग्राहकांना पोर्ट फॉरवर्डिंग बंद करायला सांगितलं होतं.

नंतर लांज्याला गेलो तेव्हा राऊटर आणि पेटी दोन्ही यूपीएसवर घेतली, वीज आल्यावर पेटी आपोआप सुरू होईल अशी सेटिंग केली आणि सगळ्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर डोंबिवलीला आणली.

गावच्या घरात अशी पेटी ठेवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ती बाहेरून दिसेनाशी झाली तर घाबरून रिसेट करू नका. आधी दिवे, मग घरचा पत्ता, मग राऊटरवरचा पत्ता, या क्रमाने तपासा. आणि दुसरी प्रत मात्र आजच करून ठेवा.