तळतळाट

आजीच्या पवित्र शास्त्रात सगळ्यांत मळकी पानं स्तोत्रसंहितेची. तेविसावं स्तोत्र तिला तोंडपाठ होतं, त्यामुळे ते पान तसं कोरंच. शिसपेन्सिलीची उभी रेघ होती ती एकशे नवव्या स्तोत्राला, इतकी दाबून ओढलेली की मागच्या पानावर वळ उठला होता.

वैऱ्याची बायको विधवा होवो, पोरं दारोदार भीक मागोत, इथवर त्यात मागणं आहे. कुणाला कधी ‘मेल्या’सुद्धा न म्हणणारी आजी देवापाशी हे मागते? लहानपणी मला तिची भीतीच वाटली होती. भावकीने आमचा बांध कोरत कोरत निम्मं वावर गिळलं होतं आणि आजोबांच्या पश्चात कोर्टाच्या तारखा तीच करत होती, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

अशा स्तोत्रांनी भल्याभल्यांची पंचाईत केली आहे. १९७१ साली कॅथलिक चर्चने नित्यप्रार्थनेचं नवं पुस्तक काढलं, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं अख्खी वगळली. १३७व्याचा शेवटही कापला. यरुशलेम बेचिराख झाल्यावर बाबेलला धरून नेलेल्या माणसांचं ते रडगाणं. नदीकाठचे हुंदके सगळ्यांना आवडतात. शेवटी शत्रूची तान्ही बाळं खडकावर आपटण्याची भाषा येते, तिथे माझीही जीभ अडखळते. पण त्याच्या आधीच्याच ओळीत, जे आमच्याशी केलंत त्याची परतफेड, असं म्हटलंय. म्हणजे त्या माणसाने काय काय पाहिलं असेल!

एकशे नववं मात्र मला आता फिर्यादीसारखं वाटतं. सहाव्या ओवीत वैऱ्याच्या उजव्या हाताला आरोप करणारा उभा राहो, अशी मागणी आहे. अगदी शेवटच्या, एकतिसाव्या ओवीत देव स्वतः दीनाच्या उजव्या हाताला उभा राहतो. मधले सगळे शाप म्हणजे वकील नसलेल्या माणसाचं कैफियत मांडणं. तोल जातो, शब्द वाहवत जातात. पण शिक्षा करायची ती देवाने, फिर्यादीने नाही. आजीची रेघ सहाव्या ओवीपासून थेट तळापर्यंत आहे.

तारखेच्या आदल्या रात्री ती कंदिलापाशी हे स्तोत्र पुटपुटत वाचायची. मग वात बारीक करायची, कुशीवर वळायची आणि दोन मिनिटांत घोरू लागायची. वडील बाहेर ओट्यावर पहाटेपर्यंत विड्या ओढत बसलेले असायचे.