आधी हाताचं माप, मग विळ्याची मूठ



दिवाळीच्या आसपास हलके धान कापणीला येतात, मागून भारी. हार्वेस्टर आले खरे, पण साकोली, लाखनी, लाखांदूरकडे लहान बांध्या भरपूर, तिथं मशीन वळत नाही. त्यात अवकाळी पाऊस येऊन धान लोळला, बांधीत चिखल राहिला की इळाच कामी येतो. तो हातात असतो बहुतेक बायकांच्या. आणि बाजारातली मूठ मात्र सगळ्यांना एकाच मापाची.

आमच्या आईच्या उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण वळत नाहीत. कापणीला येऊ नको म्हटलं तर ऐकत नाही. मागच्या हंगामात म्हणाली, "बाबू, इळा धरल्या जात नाई आता, हातातच फिरते." विळा फिरला की धार डाव्या हाताच्या बोटांवर नाहीतर पायावर येते. म्हणून तिच्यापुरती मूठ घरीच केली. घरच्या चाकूला, खुरप्यालाही हीच रीत चालते.

माप असं घेतलं. बांधीची चिकण माती मळून जाडसर वळी केली आणि आईला विळा धरतो तशी दाबायला सांगितली. तशीच बायकोलाही. दोन्ही ठसे दोऱ्यानं मोजले. आईचा घेर साडेअकरा सेंटिमीटर, बायकोचा साडेनऊ. वय झालेल्या हाताला बारीक मूठ लागेल असं वाटतं, पण बोटं वळत नसली तर जाड मूठच पकडता येते, जोर कमी लागतो. लांबी पंजाच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त ठेवली. मूठ गोल न ठेवता अंड्यासारखी चपटी घडवली, म्हणजे हातात फिरत नाही, धार कुठे आहे ते न पाहता कळतं. मागचं टोक थोडं फुगीर ठेवलं, ओला हात घसरत नाही.

लाकूड धुऱ्यावरच्या बाभळीचं. वाळलेली फांदी घ्या आणि आतला गडद भाग वापरा. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला घुण लवकर लागतो. ओलं लाकूड असेल तर दोन्ही टोकांना शेण लावून सावलीत दोन-तीन महिने ठेवा. उन्हात ठेवलं तर चिरा पडतात. जुने लोक तिवस चांगला सांगतात, खरंच चिवट असतो. पण साग, तिवस, खैर, मोह ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सुताराकडचा उरलेला तुकडा मागा, मुठीला वीतभर पुरतो.

बसवताना लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनंच असू द्या. आधी तोंडाला अर्धा इंची लोखंडी पाइपचा दीड सेंटिमीटर तुकडा कडं म्हणून ठोकून बसवा, म्हणजे मूठ फाटत नाही. मग पात्याच्या शेपटीपेक्षा थोडं बारीक भोक पाडा. भोकात लाखेचा चुरा भरा. पात्याला ओलं फडकं घट्ट गुंडाळून फक्त शेपटी तापवा आणि सरळ दाबा. फडकं विसरू नका, आच पात्यात गेली तर लोखंड नरम पडतं, मग धार टिकत नाही. लाख थंड होईपर्यंत हलवू नका.

शेवटी पॉलिश पेपरनं घासून जवसाचं तेल पातळ चोळा. दोन-तीन हात, मध्ये दोन दिवस वाळू द्या. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं तेल चिकट राहतं. एक काळजी घ्या, तेलाचं फडकं गोळा करून तणसाजवळ टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा मोकळं पसरून वाळवा.

दातेरी विळे वापरणाऱ्यांनीही मूठ बदलून पाहावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'वैभव' विळा हलका आहे, घासावा लागत नाही. पण हात ज्याचा त्याचाच असतो.

आईचं बोटांचं दुखणं मुठीनं गेलं नाही, त्याला डॉक्टरच पाहिजे. पण विळा हातात फिरत नाही. दुपारपर्यंत कापते, मग मी धुऱ्यावर बसवतो, त्यावरून भांडते. आमच्याकडे कापणीला येणाऱ्या दोघींनीही मातीवर ठसे दिले आहेत. मजूर बाया आपला इळा आपणच आणतात, म्हणून त्यांच्या हाताचं आपण कधी विचारत नाही. कापणीला अजून वेळ आहे, एकदा विचारून पाहा.

तुमच्या गावात मुठीला कोणतं लाकूड वापरतात, तेही सांगा.