कागदाची मागची बाजू

उजव्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं, पण बोटांत अजून जोर नाही. सही करताना हात थरथरतो, आणि पनवेलजवळच्या वस्तीतल्या मावश्या आठवतात. घरकामं, भाजीची पाटी उरकून त्या संध्याकाळी माझ्याकडे अक्षरं गिरवायला येतात. पेन्सिल इतकी दाबून धरतात, की पान उलटलं तर मागच्या बाजूला अक्षर बोटांना लागतं. मी कितीदा ते नुसतं चाचपत बसते. एवढा जोर कुठून येतो?

मुळाक्षरांच्या क्रमानं जाणं मला पटत नाही. आधी प्रत्येकीचं स्वतःचं नाव. त्यात जोडाक्षर आलं तरी येऊ दे.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्या साऱ्यांनी फोटोत पाहिल्या. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसभर राबून आखडलेली बोटं तिथंही असणारच. त्या पाट्यांवर काय लिहिलं गेलं असेल, याचा मी फार विचार करते.

सही जमली की पुष्कळजणी यायच्या थांबतात. एक मावशी थांबली नाही. तिला पत्र लिहायचंय. कोणाला, ते मी विचारलं नाही.

“ताई, रागावलेय हे कसं लिहायचं?”

मी उद्गारचिन्ह काढून दाखवलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं.

“एवढ्यानं नाही भागायचं,” म्हणाली, आणि नवीन ओळ मागितली.