आष्टीची मोठी आई लंडनच्या बाजारात

वर्धा जिल्ह्यातले आष्टी म्हटले की आपल्याला १९४२ साल आठवते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, इथली माणसे पोलीस ठाण्यावर चालून गेली आणि गोळीबारात हुतात्मे झाली. पण या गावाची त्याहून जुनी ओळख शेतीची आहे. जहांगीर बादशहाने हा मुलूख महंमद खान नियाझी या सरदाराला दिला. त्याने इथली जमीन लागवडीखाली आणली, असे जुने गॅझेटिअर सांगते. त्याची मोगली थाटाची कबर गावात उभी आहे. आज या भागात कापूस आहे, तूर आहे आणि संत्र्याच्या बागा आहेत.

अशा गावच्या बाईला बाजार शिकवावा लागत नाही. माझी मोठी आई त्यातलीच. वयाची सत्तरी उलटली, तरी घरची पिशवी आणि पैसे अजून तिच्याच हाती. माझा धाकटा भाऊ लंडनला असतो. मे महिन्यात आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. पहिले आठ दिवस तिने खिडकीशी बसून काढले. मग एक दिवस म्हणाली, "मी कायले आली व इथं? नुसती बसून खायले?"

वाचकहो, परदेशी गेलेल्या आपल्या म्हाताऱ्या माणसांचे खरे दुखणे हेच असते. खायला-प्यायला कमी नसते, पण घरात त्यांच्या हाताला काम नसते आणि शब्दाला मोल नसते. मी ठरवले, उद्याचा बाजार मोठी आई करील.

लंडनच्या पश्चिमेला साउथॉल नावाचा भाग आहे. तिथे पंजाबी लोकांची मोठी वस्ती. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर नावसुद्धा इंग्रजीबरोबर गुरुमुखीत लिहिलेले. आम्ही बसने गेलो. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. कार्ड यंत्राला टेकवायचे, आणि तेही प्रत्येकाचे वेगळे. तेव्हा कुणी जाणार असाल, तर ही सोय आधी करून ठेवा.

बाजारात पाऊल टाकताच मोठ्या आईचा चेहरा फुलला. मेथीच्या जुड्या, कारली, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर! भेंडीचा शेंडा मोडून बघायला तिचा हात गेला, तेव्हा मी हळूच थांबवले. मग तिने नजरेनेच कोवळी भेंडी निवडली. पैसे देताना प्लॅस्टिकच्या पिशवीचे वेगळे पैसे पडतात, हे तिला सांगितले. तिकडे २०१५ पासून तसा कायदाच आहे. तिने कमरेची कापडी पिशवी काढली नि म्हणाली, "हे तं आपल्याले कोणी सांगाले नाही लागलं."

पौंडाला शंभरावर रुपये पडतात. तिने प्रत्येक भावाला शंभराने गुणले आणि निम्म्या वस्तू खाली ठेवल्या. पण एक गोष्ट तिला फार आवडली. तिकडे पाकिटाच्या किमतीखाली किलोमागे किंवा शंभर ग्रॅममागे काय भाव पडतो, तेही बारीक अक्षरात लिहिलेले असते. मी वाचत गेले, ती हिशेब करत गेली. एका ठिकाणी मोठे पाकीट लहानापेक्षा महाग निघाले. भाऊ इतकी वर्षे तिकडे राहतो, पण त्याने ते कधी पाहिले नव्हते.

फळांच्या दुकानात हापूस आणि केशरच्या पेट्या होत्या. शेजारी संत्री होती, ती स्पेनची. मोठी आई थबकली. "आपला आंबा आला, मंग आपला संत्रा काहून नाही?"

प्रश्न साधा, पण आपल्या पोटाशी निगडित आहे. आपल्या नागपुरी संत्र्याला गोडी आहे, पण बी फार आणि साल सैल, त्यामुळे ते लांबच्या प्रवासात टिकत नाही. तिकडच्या गिऱ्हाइकाला बिनबियांचे, एकसारख्या आकाराचे, डाग नसलेले फळ हवे असते. आपला माल मुख्यतः बांगलादेशात जाई. २०१९ पासून त्यांनी आयातीवरचा कर चढवत नेला, आणि वरूड-मोर्शीपासून आष्टीपर्यंतच्या बागवानांना त्याचा फटका बसला. एकाच गिऱ्हाइकावर विसंबले की असे होते.

आंब्याचीही वाट सरळ नव्हती. मालात फळमाशी सापडली म्हणून युरोपने २०१४ च्या मे महिन्यात आपला आंबा बंद केला. तो २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. काहींच्या मालातली कीड सगळ्यांना भोवली. हे सांगितल्यावर मोठी आई म्हणाली, "निवडाले बसलेल्या बाईनं एक सडकं फळ खाली टाकलं, तं पेटी वाचते. हे तं आमी रोजच करतो."

भगिनींनो, खरेच आहे. बियांचा प्रश्न संशोधकांनी सोडवायचा आणि कराचा सरकारने. पण तोडणीच्या वेळी फळ न आपटणे, डागी फळ वेगळे काढणे, लहान-मोठे निवडून पेटी भरणे, हे आपल्या हातचे काम आहे.

आणि घरातले म्हातारे माणूस मुलाकडे परदेशी निघाले असेल, तर मुलाला बजावून सांगा, त्यांना आठवड्यातून एकदा बाजाराला ने. पिशवी त्यांच्या हाती दे, भाजी त्यांना निवडू दे, आणि त्यांनी नको म्हटलेली वस्तू मुकाट्याने खाली ठेव.