रिबसचं वय

रहस्यकथा वाचणाऱ्यांत दोन पंथ असतात. पहिल्या पंथाला खून कुणी केला एवढंच हवं असतं. ते कळलं की पुस्तक मिटून जेवायला बसायला तो मोकळा. दुसऱ्या पंथाला खुनाशी फारसं देणंघेणं नसतं. आपला डिटेक्टिव्ह सध्या कसा आहे, हे बघायला तो येतो. मी पहिल्या पंथात वाढले आणि दुसऱ्यात म्हातारी झाले. हे पंथांतर घडवलं इयन रँकिन या स्कॉटिश लेखकानं. त्याची ‘मिडनाइट अँड ब्लू’ ही कादंबरी 2024च्या ऑक्टोबरात आली. एडिंबराचा पोलीस अधिकारी जॉन रिबस याची ही पंचविसावी कादंबरी, आणि या खेपेला साहेब तुरुंगात आहेत. तपासाला गेलेले नाहीत, शिक्षा भोगतायत.

साताऱ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटी लायब्ररी होती. महिन्याची वर्गणी भरायची आणि रोज एक पुस्तक बदलून न्यायचं. पुस्तकांना खाकी कव्हरं, पाठीवर शाईनं नंबर. बाबुराव अर्नाळकरांची फळी मालकानं हाताशीच ठेवली होती, कारण सगळा धंदा तिच्यावर चालायचा. हजारावर पुस्तकं लिहिलेला हा माणूस. त्याचे झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू आमच्या घरात नातेवाइकांसारखे वावरायचे, फक्त आण्णांच्या नजरेआड. आण्णा मराठीचे मास्तर. त्यांच्यासमोर खांडेकर आणि पाठीमागे काळा पहाड, असा माझा दुहेरी अभ्यासक्रम होता. आई मात्र आमच्यात सामील. दुपारची झाकपाक झाली की हळूच विचारायची, “काल आणलेलं कुठं ठेवलंयस गं? ते शाळेतून यायच्या आत मला दे.” त्या पुस्तकांत पानांच्या कोपऱ्यांवर हळदीच्या बोटांचे ठसे असत. आमच्या आधी गल्लीतल्या कितीजणींनी ते वाचलंय, याचा तो पुरावाच. एखादा आगाऊ वाचक पहिल्या पानावर पेन्सिलीनं ‘खुनी : मॅनेजर’ असं लिहून ठेवायचा. त्याला आम्ही मनापासून शिव्या घालायचो. खुन्याचं नाव आधी कळलं तर पुस्तकात उरलं काय?

या मंडळींचं एक बरं होतं, त्यांना वय नव्हतं. मी फ्रॉकमधून साडीत आले तरी झुंजार तसाच रुबाबदार. पुढं इंग्रजी वाचायला लागल्यावर दिसलं की तिकडंही हीच तऱ्हा. अगाथा ख्रिस्तीचा प्वारो 1920मध्ये पहिल्यांदा भेटतो तोच बेल्जियमच्या पोलीसखात्यातून निवृत्त झालेला, आणि मरतो थेट 1975मधल्या ‘कर्टन’मध्ये. मधल्या पंचावन्न वर्षांचा हिशेब कुणी मागितला नाही. कॉनन डॉइलनं कंटाळून 1893मध्ये होम्सला धबधब्याशी संपवलं, पण वाचकांनी पिच्छा सोडला नाही आणि दहा वर्षांनी तो ठणठणीत परत आला. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्यायांनी ब्योमकेशला बायको-मुलगा देऊन थोडं संसारात आणलं, तेवढाच अपवाद. एरवी डिटेक्टिव्हचे गुडघे कधी दुखत नाहीत.

लग्नानंतर डोंबिवलीला आले. बँकेची शाखा फोर्टात. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर तेव्हा जुन्या पुस्तकांच्या थप्प्या लागलेल्या असत. संध्याकाळची लोकल चुकवून त्या थप्प्या उपसणं हा माझा एकमेव शौक. तिथंच ‘ब्लॅक अँड ब्लू’ हाती लागलं. 1997चं पुस्तक, इंग्लंडातला गोल्ड डॅगर पुरस्कार मिळवलेलं. त्यातला ‘बायबल जॉन’ हा खुनी खरा होता. साठच्या दशकाच्या शेवटी ग्लासगोत नाचाच्या हॉलमध्ये आलेल्या तीन बायकांचे खून झाले आणि त्यांचा उलगडा झालाच नाही. रँकिननं त्या खऱ्या खुन्यामागे त्याची नक्कल करणारा एक खोटा खुनी उभा केला आणि रिबसला एडिंबरापासून ॲबरडीनच्या तेलकंपन्यांपर्यंत पळवलं. किल्ल्याचं, पर्यटकांचं एडिंबरा त्यात नावापुरतं येतं. येतात त्या सरकारी वसाहती, दारूचे गुत्ते आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे पोलीस. लेडीज डब्यात उभ्यानं वाचताना ठाणं कधी गेलं कळलं नाही. पण त्याहून मनात घर केलं ते रिबसच्या खोलीनं. आर्डन स्ट्रीटवर दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. बायको सोडून गेलेली. रात्री खिडकीशी खुर्ची ओढून रेकॉर्ड लावतो आणि पीत बसतो. पुस्तक संपलं, पण याचं पुढं काय होणार, ही काळजी मात्र डोंबिवलीपर्यंत माझ्याबरोबर आली.

मग दर नव्या पुस्तकाची वाट बघणं सुरू झालं. रँकिनचं रिबसवरचं पहिलं पुस्तक 1987मध्ये आलं तेव्हा रिबस चाळिशीत होता. लेखक स्वतः 1960चा, माझ्याच जन्मसालाचा. त्याच्या मालिकेत कॅलेंडर खरोखरच पुढं सरकतं. साहजिकच 2007मधल्या ‘एक्झिट म्यूझिक’मध्ये रिबस साठीचा झाला आणि नियमाप्रमाणे निवृत्त झाला. स्कॉटलंडच्या संसदेतल्या एका सदस्येनं तर पोलिसांचं निवृत्तीचं वय वाढवता येईल का, असं विचारलं होतं. रिबस जाऊ नये म्हणून! अर्नाळकरांच्या वाचकांचा वट इतका कधीच नव्हता.

तो 2012मध्ये परतला, पुढच्याच वर्षी पोलीसदलातही आला, पण इन्स्पेक्टर म्हणून नव्हे. पहिल्या पुस्तकात तो सार्जंट होता, तिथंच पुन्हा येऊन बसला. आणि वरिष्ठ कोण, तर शिवॉन क्लार्क, जिला त्यानं हाताला धरून काम शिकवलं होतं. हा भाग मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत वाचला. बदली नको, मुलं लहान आहेत, म्हणून मी प्रमोशन नाकारलेलं. जिला व्हाउचर कसं तपासायचं ते दाखवलं, तिच्याच टेबलासमोर आता रजेचा अर्ज घेऊन उभी राहत होते. तशी पोरगी गुणी. तिलाही अवघडल्यासारखं व्हायचं आणि मलाही. रिबस आणि शिवॉनमधलं ते अवघडलेपण रँकिननं एका शब्दानंही समजावून सांगितलेलं नाही. दोघं नुसती कॉफी पितात आणि केसबद्दल बोलतात. मला मात्र प्रत्येक वाक्यामागचं कळत होतं.

2020मध्ये मी निवृत्त झाले, तेही टाळेबंदीत, निरोपसमारंभाविना. त्याच वर्षी ‘अ साँग फॉर द डार्क टाइम्स’ आलं. त्याच्या सुरुवातीला रिबस घर बदलतो. लांब नाही, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर. फुप्फुसांचा विकार जडलाय, जिना चढवत नाही. सामान हलवायला शिवॉन आलीय. आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्यावर. भाजीची पिशवी घेऊन मी प्रत्येक मजल्यावर थांबू लागले होते. रहस्यकथेत कुणी जिन्यासाठी घर बदलतं, हे मी तोवर वाचलं नव्हतं.

आता नवी कादंबरी. रिबस सत्तरी ओलांडलेला. आयुष्यभर ज्याच्यावर डूख धरला त्या बिग जेर कॅफर्टी नावाच्या टोळीवाल्याच्या प्रकरणानं त्याला गजाआड आणून सोडलंय. तुरुंगात माजी पोलिसाला मित्र नसतात; त्यानं आत पाठवलेलेच आजूबाजूला असतात, आणि जिवाची हमी घ्यायची तीही एका गुंडाकडून. अशात रात्री कुलूपबंद कोठडीत एका कैद्याचा खून होतो. रात्री किल्ल्या असतात पहारेकऱ्यांकडे, म्हणजे संशय दोन्ही बाजूंना. रिबसपाशी ना ओळखपत्र, ना गाडी, ना बाहेर पडायची मुभा. उरलंय ते कान देऊन ऐकणं आणि माणूस ओळखणं. बाहेर शिवॉन एका बेपत्ता मुलीच्या मागे आहे.

स्पष्टच सांगायचं तर कोडं म्हणून हे रँकिनचं सर्वोत्तम पुस्तक नव्हे. बाहेरची कथा अधूनमधून रेंगाळते, आणि धागे जुळतात ते जरा सोयीनं. बंद कोठडीचं रहस्य म्हटल्यावर पहिल्या पंथाचा वाचक ज्या करामतीची अपेक्षा करील, ती इथं नाही. पण अधिकार, पगार, पद, दमसास सगळं काढून घेतल्यावर माणसाजवळ त्याचं काम उरतं का, हा प्रश्न या पुस्तकानं विचारलाय, आणि उरतं असं ठणकावून सांगितलंय. कैदी रिबस चौकशी करतो कारण त्याला दुसरं काही करता येत नाही. निवृत्तीनंतर शेजारणींची पासबुकं तपासून देणाऱ्या माझ्यासारखीला हे उत्तर पटतं.

साताऱ्याच्या त्या पेन्सिलवाल्याची मला आता भीती वाटत नाही. खुन्याचं नाव पहिल्या पानावर लिहा, मी रिबस तरीही वाचीन. नव्या वाचकाला मात्र एक सांगणं आहे : ‘मिडनाइट अँड ब्लू’नं सुरुवात करू नका. ‘ब्लॅक अँड ब्लू’ घ्या, मग ‘एक्झिट म्यूझिक’, मग बाकीची क्रमानं, सावकाश. रिबस एका बैठकीत संपवायचा नसतो. त्याला काही वर्षं द्यावी लागतात.