एक घर पुढे

मुलीला विज्ञान झेपत नाही, हे आपल्या घरांत फार लवकर ठरते. आमच्या पुतणीचेही ठरत आले होते. दहावी उर्दूतून, अकरावीची पुस्तके इंग्रजीत, आणि डेरिव्हेटिव्हच्या धड्याला गाडी अडलेली. "आर्ट्सला घाला," असे केदारखेड्यातले सगळे नातलग सांगू लागले. आम्ही मियाँ-बीवी दोघेही शिक्षक. म्हटले, आधी काय झेपत नाही ते तरी पाहू.

सूत्र तिला पाठ होते. क्षच्या चौथ्या घाताचे डेरिव्हेटिव्ह घेतले की घात 3 होतो, पण पुढे 4 येऊन चिकटतो. पुन्हा घेतले की 12, मग 24. "हे आकडे येतात कुठून?" एवढाच तिचा सवाल होता. वर्गात असा सवाल वर्षातून एखादाच येतो.

आम्ही म्हटले, चौथ्या घाताला आधीच 24 ने भागून ठेव. तिसऱ्याला 6 ने, दुसऱ्याला 2 ने. आता कर. चौथा नेमका तिसऱ्याच्या जागी आला, तिसरा दुसऱ्याच्या, दुसरा क्षच्या, क्ष 1 च्या, आणि 1 चे शून्य झाले. चिकटणारे आकडे गायब! भोकरदनच्या बसची रांगच ही: पहिला चढला, बाकीचे एकेक घर पुढे सरकले. (इथे मध्ये कुणी घुसत नाही, एवढाच फरक.) या सरकण्याला शिफ्ट म्हणतात. मांडणी बदलताच दोन क्रिया एकच निघाल्या, तर त्या समरूप, उर्दूत मुतशाबेह. त्रिकोणांचाच शब्द, काम वेगळे.

भाईजाननी वही पाहिली. गणित त्यांना कळले नाही, पण "सवाल हिचाच होता ना?" असे दोनदा विचारले. आर्ट्सचा विषय निघाला नाही.

निम्मे करणेही सरकणेच. 16, 8, 4, 2, 1, अर्धा, पाव... यातला पहिला काढून बाकीचे पुढे घ्या. प्रत्येक घरात आधीच्या निम्मे. 1960 साली जान-कार्लो रोटा यांनी सिद्ध केले, की हिल्बर्ट अवकाशातली जी रेषीय क्रिया पुन्हा पुन्हा केल्यावर झपाट्याने क्षीण होत जाते, ती शिफ्टच्याच एका भागाशी समरूप असते. त्या रांगेच्या प्रत्येक घरात मात्र सुटा आकडा नसतो, अख्खा सदिश असतो.

पुतणीने पुढे विचारले, "आपल्या रांगेत प्रत्येक घरी 1 ठेवला आणि रांग संपलीच नाही तर?" पहिला गेला, सगळे सरकले, रांग जशीच्या तशी. डेरिव्हेटिव्ह घेऊनही न बदलणारे ईचे फलन तिला पुस्तकाआधीच सापडले होते.